वाईट वर्षी किती पिकतो, ते सांगा

गव्हाच्या नव्या वाणाची माहिती वाचायला घेतली की एक आकडा ठळक छापलेला असतो: हेक्टरी अमुक क्विंटल. आकडा खोटा नसतो. पण तो कुठल्या जमिनीत, किती पाण्यावर, कोणत्या तारखेच्या पेरणीला आणि कशा हिवाळ्यात मिळाला, हे त्याच्या शेजारी लिहिलेले नसते. त्याच वाणाने सगळ्यांत वाईट जागी, सगळ्यांत वाईट वर्षी काय दिले, हे तर माझ्या पाहण्यात कुठेच छापून आलेले नाही. यवतमाळ जिल्ह्यात गहू पेरणाऱ्याला नेमका हाच दुसरा आकडा हवा आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाने आणि कृषी खात्याने तो द्यावा, यासाठी मी लिहिते आहे.

मी कळंब तालुक्यात शेती करते. अकोल्याला कृषीची पदवी घेतली, लग्न होऊन इकडे आले आणि सासऱ्यांसोबत, म्हणजे मामाजींसोबत, वावरात उभी राहिले. आमची जमीन दोन जागी आहे. खालचे वावर नाल्याकाठचे, काळे, खोल. त्याला बेंबळा प्रकल्पाच्या कालव्याचे पाणी, तेही आवर्तन येईल तेव्हा. वरचे वावर बरड. हातभर खणले की मुरूम लागतो. तिथे विहीर आहे, पण जानेवारी सरता सरता तिचा तळ दिसतो. मामाजी या दोन वावरांत एकच वाण कधी पेरत नसत. खाली ते गुजरातचा जीडब्ल्यू-४९६ पेरत, वर लोक-१. कुणी विचारले तर म्हणत, “बरडावर ज्याला भूक कमी तोच गहू टिकते.” त्यांनी कुठलेही पुस्तक वाचले नव्हते. पण पीक-पैदासशास्त्र ज्या प्रश्नाभोवती साठ वर्षे फिरते आहे, त्याचे उत्तर त्यांच्या या वागण्यात होते.

कोणत्या जमिनीला कोणता वाण, हा प्रश्न आमच्या जिल्ह्यात इतका टोकदार का आहे, ते आधी सांगते. सोळा तालुक्यांचा हा जिल्हा बाहेरच्या माणसाला एकसारखा वाटतो: कपाशी, सोयाबीन, तूर, मधे मधे सागाचे जंगल. गव्हाच्या दाण्याला तो तसा वाटत नाही. पुसद, उमरखेड, महागाव या पट्ट्यात पैनगंगा आणि पूस नद्यांवरच्या धरणांचे पाणी फिरते. तिथे ऊस आहे, हळद आहे, आणि गव्हाला पाच-सहा पाणी देणारा शेतकरीही आहे. माझी बहीण उमरखेडकडे दिली आहे. तिच्याकडे सोयाबीन निघाले की नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात गहू पेरून होतो. वणी, मारेगावकडे वर्धा नदीच्या बाजूने जमीन खोल आणि चिकण, पण तिकडे कपाशी उभी असते. पऱ्हाटीची उलंगवाडी होऊन वावर मोकळे होईपर्यंत डिसेंबर उजाडतो, मग कुठे गव्हाचे तास निघतात. यवतमाळ, नेर, दारव्हा या पठारी भागात जमीन उथळ आणि उताराची, पाणी विहिरीचे. घाटंजी, झरी जामणीकडे, कोलाम आदिवासींच्या पोडांच्या, म्हणजे वस्त्यांच्या, आसपास, पाऊस भरपूर पडतो, पण माळरानावर तो धरून ठेवणारी माती नाही. पेरणीची तारीख, मातीची खोली आणि पाण्याच्या पाळ्या, या तीन गोष्टी बदलल्या की एकाच पिशवीतला गहू चार गावांत चार प्रकारे पिकतो.

त्यात थंडी. गहू हे थंडीचे पीक आणि आमचा हिवाळा आखूड. दाणा भरताना हवा थंड राहिली तर तो सावकाश, नीट भरतो. पारा तिशीच्या पुढे चढू लागला की दाण्यात पिष्ट साठण्याचे काम मंदावते, झाड घाईने पिवळे पडते आणि दाणा चिमतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला पेरलेला गहू जानेवारीच्या अखेरीस आणि फेब्रुवारीत दाणे भरतो. डिसेंबरात पेरलेला नेमका फेब्रुवारीअखेरच्या आणि मार्चच्या उन्हात सापडतो. १५ नोव्हेंबरनंतर पेरणी जितकी लांबेल तितके प्रत्येक पंधरवड्याला हेक्टरी अडीच क्विंटल उत्पादन घटते, असे राज्यातल्या कृषी शिफारशींमध्ये वर्षानुवर्षे सांगितले जाते. मार्च २०२२ हा देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला आणि त्याच वर्षी १३ मे रोजी केंद्र सरकारने गव्हाची निर्यात थांबवली, ही बातमी सगळ्यांना आठवत असेल. त्याच्या पुढच्याच वर्षी फेब्रुवारी २०२३ हा तितकाच जुना विक्रम मोडणारा उष्ण फेब्रुवारी होता. उत्तरेतल्या गव्हाला मार्च मारतो; आम्हाला फेब्रुवारी. त्या फेब्रुवारीबद्दल माझ्या वाचनात फार कमी आले.

२०१५ साली जगभरच्या शास्त्रज्ञांनी गव्हाच्या वाढीची तीस संगणकी प्रारूपे एकत्र तपासली. तापमान एक अंश सेल्सिअसने वाढले तर जगाचे गहू उत्पादन सुमारे सहा टक्क्यांनी घटेल, हा त्यांचा निष्कर्ष खूप गाजला. त्याच अभ्यासात दुसरीही एक गोष्ट होती: उत्पादन घटेल तसे ते जागेजागी आणि वर्षावर्षाला अधिक हेलकावे खाईल. आमच्यासारख्या जिल्ह्याला या हेलकाव्याची भीती जास्त आहे.

आता शास्त्र काय म्हणते ते. १९६३ साली ऑस्ट्रेलियात फिनले आणि विल्किन्सन या दोघांनी सातूचे २७७ वाण वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या हंगामांत पेरून पाहिले. जागा चांगली की वाईट, हे कसे ठरवायचे? त्यांनी मातीची किंवा पावसाची मोजणी न करता सरळ त्या जागी सगळ्या वाणांनी मिळून सरासरी किती दिले ते धरले. सगळ्यांनी भरपूर दिले तर जागा चांगली, सगळेच मागे पडले तर वाईट. मग एकेक वाण घेऊन पाहिले की जागा सुधारत गेली तसा तो किती वेगाने वर चढतो. काही वाण चांगल्या जागी झेप घेतात आणि वाईट जागी कोसळतात. काही फार वर जात नाहीत, पण फार खालीही येत नाहीत. १९६६ साली अमेरिकेतल्या मक्याच्या अभ्यासकांनी, एबरहार्ट आणि रसेल यांनी, यात एक मोलाची भर घातली. वाण किती वेगाने चढतो-उतरतो एवढेच पाहू नका, तो आपल्या अंदाजाला किती धरून राहतो तेही पाहा, असे ते म्हणाले. ज्याचा अंदाजच बांधता येत नाही तो वाण अस्थिर. अकोल्याला हे सारे परीक्षेपुरते शिकले होते. ते खरे कळले बरडावर.

एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यासाठी आहेत. एक वाण चांगल्या वर्षी एकरी १६ क्विंटल देतो, वाईट वर्षी ४. दुसरा चांगल्या वर्षी ११, वाईट वर्षी ९. दोघांची सरासरी १० च. माहितीपत्रकावर दोघे सारखे दिसतील; जाहिरातीत तर पहिल्याचे १६ मोठ्या अक्षरांत येतील. पण ज्या वर्षी फेब्रुवारी तापला आणि विहीर आटली, त्या वर्षी पहिला वाण पेरणाऱ्याच्या घरात चार क्विंटल गहू आला. बियाणे, खत, मोटारीचे बिल आणि सवंगणीची मजुरी मात्र पूर्ण गेली.

या जिल्ह्यात गहू बहुतेक घरी आधी खाण्यासाठी पेरतात. पैशाचे पीक कपाशी आणि सोयाबीन. एकर-दीड एकर गव्हावर वर्षभराची पोळी, सणाचे रोडगे, पाहुण्यारावळ्यांचे भागते. उरले तर विकायचे. कपाशीचे वर्ष बिघडले की घरात नगद पैसा नसतो. अशा वर्षी गहूही पडला तर किराणा दुकानातून उधारीवर गहू आणावा लागतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे या जिल्ह्याचे नाव देशभर गेले. इथल्या घराला वर्षाआड येणारा विक्रम परवडत नाही, दरवर्षी येणारा गहू लागतो. स्थिरता या शब्दाचा आमच्याकडे एवढा सरळ अर्थ आहे.

म्हणून स्थिर वाण सगळीकडे उत्तम, असे मी म्हणणार नाही. सगळीकडे सारखेच कमी देणारा वाणही हिशेबात स्थिरच निघतो, आणि असा वाण कुणाच्या कामाचा नाही. उमरखेडला माझ्या बहिणीच्या शेतात मुकुटमुळे फुटताना, फुटवे येताना, कांडी धरताना, फुलोऱ्यात आणि चीक भरताना पाणी मिळते. तिने चांगल्या जागी झेप घेणारा वाणच पेरावा. कमी भुकेचा वाण पेरून तिने आपली जमीन अर्धपोटी का ठेवावी? आणि बरडावर, जिथे तीन पाणीही कसेबसे मिळतात, तिथे तिचा वाण आणणे म्हणजे पैसा मातीत घालणे. वाणांचा क्रमच इथे उलटतो: तिच्याकडे पहिला आलेला माझ्याकडे शेवटचा येऊ शकतो. क्रम उलटतो तिथे जिल्हाभर एकच नाव सांगणारी शिफारस कुणाच्या तरी वावरात चुकतेच.

आता आमच्यासाठी वाण तपासले जातात कुठे, ते पाहा. गव्हासाठी देशाचे मोठे विभाग पाडले आहेत: उत्तरेतला डोंगराळ, वायव्य मैदानी, ईशान्य मैदानी, मध्य आणि द्वीपकल्पीय. मध्य प्रदेश आणि गुजरात मध्य विभागात. महाराष्ट्र आणि कर्नाटक द्वीपकल्पीय विभागात. म्हणजे अमरावती ओलांडून सातपुड्यात बैतूलला गेले की विभाग बदलतो, आणि यवतमाळचा हिशेब धारवाड, पुणे, निफाड यांच्यासोबत होतो. दर डिसेंबरात आपण बातमी वाचतो, निफाडचा पारा घसरला. तिथे द्राक्षबागांत शेकोट्या पेटतात, तेव्हा वणीच्या शेतात दुपारी घाम येतो. निफाडचे गहू संशोधन केंद्र महाराष्ट्राचे भूषण आहे. त्र्यंबक, तपोवन, नेत्रावती, पंचवटी, फुले समाधान असे वाण तिथून आले आणि शेतकऱ्यांनी ते आपलेसे केले. नेत्रावतीसारखा वाण तर कमी पाण्याचा विचार करूनच काढलेला आहे. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाच्या अकोल्यातल्या गहू संशोधकांनी उशिरा पेरणीसाठी एकेएडब्ल्यू-४६२७ दिला, तो विदर्भाची कपाशी डोळ्यांपुढे ठेवून. हे लोक आमचे शत्रू नाहीत. त्यांच्या चाचण्याही वेळेवर पेरणी, उशिरा पेरणी आणि मर्यादित पाणी अशा वेगवेगळ्या चालतात, आणि वाण पुढे येण्याआधी त्याला तीन वर्षांच्या चाळणीतून जावे लागते.

माझी तक्रार चाचणीनंतरच्या पायरीबद्दल आहे. सगळ्या केंद्रांचे आकडे गोळा होतात, विभागाची सरासरी निघते, ती शिफारशीत येते आणि शेतकऱ्यापर्यंत तेवढीच पोचते. अकोल्याला काय झाले, उष्ण वर्षी काय झाले, कोणत्या केंद्रावर वाण तुलनेच्या वाणापेक्षाही खाली गेला, हे अहवालांत असते. गावातल्या कृषी सेवा केंद्रात नसते. तिथे दुकानदार सांगतो, “यंदा हेच चालू आहे.” संशोधन केंद्राचे शेतही सपाट असते, पाणी ठरल्या दिवशी मिळते, खत वेळेवर पडते. आमच्याकडे वीज रात्री येते आणि कालव्याची पाळी एक आठवडा पुढे सरकते. त्या सरकलेल्या पाळीत कोणता वाण तग धरतो, हे केंद्राच्या शेतात कळणार तरी कसे?

भरपूर पाणी-खताच्या शेतात वाण निवडण्याला इतिहास आहे. नॉर्मन बोरलॉग यांनी मेक्सिकोत गव्हाची एक पिढी उत्तरेला सोनोराच्या सखल, उष्ण खोऱ्यात आणि दुसरी टोलुकाच्या उंच, थंड पठारावर अशी आलटून पालटून वाढवली. त्यातून दिवसाच्या लांबीची पर्वा न करणारे, दूरदूरच्या प्रदेशांत रुजणारे बुटके गहू निघाले. १९६६ साली भारताने १८,००० टन मेक्सिकन बियाणे आणले आणि पुढे कल्याणसोना, सोनालिका घराघरांत पोचले. तेव्हा देशाला पोट भरायचे होते. आमच्याच पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक १९६५ साली मुख्यमंत्री म्हणून पुण्यात शनिवारवाड्यावर उभे राहिले आणि दोन वर्षांत राज्य अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाले नाही तर मला फासावर द्या, असे बोलले. अकोल्याचे कृषी विद्यापीठ १९६९ साली त्यांच्याच कारकिर्दीत उभे राहिले. त्या पिढीने जे केले त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण ते बियाणे निवडले गेले भरपूर खत आणि भरपूर पाणी यांना प्रतिसाद देण्यासाठी. पंजाबात ते दोन्ही मिळाले. तिथे हेक्टरी सरासरी ४५ क्विंटलच्या पुढे गेली. महाराष्ट्राची सरासरी अनेक वर्षे २० क्विंटलच्या आतबाहेर राहिली आहे. एवढा फरक शेतकऱ्याच्या आळसाने पडत नाही. हिवाळा, पाणी आणि माती वेगळी आहे, म्हणून पडतो.

तांबेरा रोगाचाही हिशेब स्थिरतेतच धरायला हवा. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांवर तांबेरा वर्षभर जिवंत राहतो आणि त्याचे बीजाणू वाऱ्यासोबत दक्षिणेकडून वर सरकतात. वाटेत आधी आपला पट्टा लागतो. कल्याणसोना १९७० च्या दशकात तांबेऱ्यापुढे टिकला नाही. महाबळेश्वरला गहू गेरवा संशोधन केंद्र आहे ते याच लढाईसाठी. एखादा वाण दहा वर्षे छान पिकला आणि अकराव्या वर्षी तांबेऱ्याने बसला, तर त्या दहा वर्षांची सरासरी शेतकऱ्याच्या उपयोगाची नाही.

मग करायचे काय? यासाठी नवी इमारत बांधण्याची गरज नाही. २०१९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात एक अभ्यास छापून आला. निकाराग्वातला घेवडा, इथिओपियातला बन्सी गहू आणि भारतातला आपला पोळीचा गहू, अशा तीन पिकांच्या वाणांची तपासणी शेतकऱ्यांनीच आपल्या वावरात केली होती. एकूण १२,४०९ तुकड्यांवर. पद्धत साधी होती. एकेका शेतकऱ्याला तीन वाणांच्या छोट्या पुड्या द्यायच्या, नावे झाकलेली. त्याने त्या शेजारी शेजारी पेरायच्या आणि शेवटी एवढेच सांगायचे, सगळ्यांत चांगला कोणता, सगळ्यांत वाईट कोणता. वजनकाटा नको, तक्ते नकोत. प्रत्येकाच्या हाती वेगळी तिकडी असते. शेकडो जणांची उत्तरे त्या त्या जागेच्या हवामानाशी जोडली की कोणता वाण कोणत्या परिस्थितीत टिकतो ते दिसू लागते.

यवतमाळला यासाठी लागणारे सारे हाताशी आहे. विद्यापीठाचे विभागीय कृषी संशोधन केंद्र यवतमाळ शहरात आहे, कृषी विज्ञान केंद्र आहे. महावेधची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळापर्यंत पोचली आहेत, म्हणजे प्रत्येक तुकड्याजवळचे तापमान नोंदलेले मिळते. पोकरा या हवामान-अनुकूल शेतीच्या सरकारी प्रकल्पातल्या शेतीशाळांमुळे गावागावांत शेतकऱ्यांचे गट तयार झाले आहेत. गहू स्वतःच्याच परागाने फळणारे पीक, त्यामुळे पसंत पडलेल्या वाणाचे बियाणे दोन-तीन वर्षे घरचे ठेवता येते. कपाशीसारखी दरवर्षी पाकिटे आणावी लागत नाहीत. या पुड्यांचा खर्च एका बड्या मेळाव्याच्या मांडवापेक्षा कमी येईल. पुड्या वाटताना मात्र चांगल्या ओलिताचे प्रगतशील शेतकरीच निवडू नयेत. बरडावरचा, कपाशीनंतर उशिरा पेरणारा, दोनच पाणी देऊ शकणारा शेतकरी त्यात अर्ध्याहून जास्त असला पाहिजे, कारण जिल्ह्यात तोच जास्त आहे. आणि बायांना विचारले पाहिजे. आमच्या घरात वाण बदलायचा तर आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आधी मूठभर पीठ मळून पाहतात. पोळी दुपारपर्यंत मऊ राहिली नाही तर तो गहू पुढच्या वर्षी वावरात जात नाही, मग त्याचे उत्पादन काहीही असो.

तोपर्यंत विद्यापीठाने एक काम याच हंगामात करावे. विदर्भासाठी शिफारस केलेल्या प्रत्येक वाणापुढे सरासरीसोबत आणखी दोन रकाने छापावेत: विदर्भातल्या केंद्रांवर मिळालेले सर्वांत कमी उत्पादन आणि ते कोणत्या वर्षी, कोणत्या तारखेच्या पेरणीला मिळाले ते. हे आकडे त्यांच्याकडे आहेत. कृषी खात्याने हा तक्ता प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या भिंतीवर लावणे सक्तीचे करावे.

आणि शेतकरी भावाबहिणींनो, येत्या नोव्हेंबरात आपल्या नेहमीच्या वाणाशेजारी दुसरे दोन वाण थोडे थोडे पेरा. एकाच दिवशी, एकाच पाण्यावर. धुऱ्यावर खुंटी ठोकून नाव लिहा, पेरणीची तारीख आणि पाण्याच्या पाळ्या वहीत लिहा, प्रत्येकाची मळणी वेगळी करा. मार्चमध्ये ती वही घेऊन तुमच्या गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याकडे जा आणि हे आकडे यवतमाळच्या संशोधन केंद्राला कळवा, म्हणून आग्रह धरा.